रेडवूड बघायला चालले? हायपेरियनचा पिन आधी डिलीट करा

नागपूरचे किती पोट्टे कॅलिफोर्नियात आहेत मोजूच नका, त्यामुळे मे महिन्यात इथल्या ४५ डिग्रीतून आईबाप, मामा-मावश्या तिकडे पळतात आणि कधीतरी तिथल्या रेडवूड नावाच्या उंचच उंच झाडांच्या जंगलाचा प्लॅन निघतोच. तर सगळ्यात आधी स्वेटर घ्या. मी घेतला नव्हता, तिथे उन्हाळ्यात समुद्राचं धुकं आत येते (ही झाडं त्या धुक्यावरच उन्हाळा काढतात) आणि मी दोन दिवस भाच्याच्या जॅकेटात फिरलो, ज्याची चेन माझ्या पोटावर लागत नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोहून रेडवूड नॅशनल पार्कजवळचं ऑरिक गाव साधारण ५०० किमी, म्हणून एक तरी मुक्काम ठेवा. जंगलात नेटवर्क नसते, मॅप आधीच डाउनलोड करा.

आता सगळ्यांना बघायचं असते हायपेरियन. जगातलं सर्वात उंच झाड, ११५ मीटरच्या वर, दीक्षाभूमीचे तीन स्तूप एकावर एक ठेवले तरी हेच उंच भरेल. २००६ मध्ये सापडलं, पार्कवाल्यांनी जागा लपवली, पण नेटवर फुटलीच. मग रस्ता नसलेल्या झाडीतून लोक तुडवत गेले, बुंध्याजवळ फर्न उगवायचे बंद झाले, कचरा पडला आणि कचऱ्याहून घाणही. रेडवूडची मुळं फक्त २ ते ४ मीटर खोल असतात पण ३० मीटरपर्यंत पसरतात, म्हणून वरची माती दाबली की झाडाला त्रास होतो. २०२२ पासून तिथे सापडलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत जेल. भाच्याकडे मॅपवर त्या जागेचा पिन होता बरं का! मीच म्हटलं, कायले जातं बे, खाली उभं राहून शेंडा तर दिसतच नाही.

त्यापेक्षा टॉल ट्रीज ग्रोव्हला (ग्रोव्ह म्हणजे झाडांची राई) जा. परमिट फुकट आहे पण रोजचे मोजकेच, पार्कच्या साइटवर आधी काढा, मग गेटच्या कुलपाचा कोड मिळतो. जाऊन-येऊन ६-७ किमी, येताना चढ आहे, गुडघेवाल्यांनी विचार करून जावं. त्यांच्यासाठी लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह सोपा. उत्तरेला क्रेसेंट सिटी गावाकडे ग्रोव्ह ऑफ टायटन्स आहे, ही झाडं १९९८ मध्ये सापडली, जागा फुटली आणि तेच हाल झाले, शेवटी जमिनीपासून उचललेला जाळीचा बोर्डवॉक, म्हणजे चालायचा पूल, बांधला, जाळीतून पाऊस आणि उजेड खाली जातो. त्यावरून खाली उतरू नका, फोटोसाठी एक पाय टेकवायलाही नाही.

फोटो टाकताना लोकेशन बंद करा. ताडोब्यात वाघाची खबर पसरली की जिप्सींची कशी रांग लागते हे आपल्याला कोणी सांगायला नको. पांढरे रेडवूडही असतात, पानात हिरवा रंगच नाही, शेजारच्या झाडाच्या मुळावर जगतात, त्यांची जागा तर विचारूच नका, रेंजर सांगत नाहीत.

आणि खाली पडलेला शंकू हातात घेऊन बघा. एवढं मोठं झाड आणि शंकू आपल्या बोराएवढा! बघून झाला की जिथला तिथे ठेवा, गाडीत बसताना पोरांचे खिसे तपासा. आमच्याकडे तीन निघाले, त्यातले दोन माझ्या बहिणीच्या पर्समधून.