साउंड कार्डच्या मोडेमवरून लघुलहरींवर : मुंबईतील नव्या हॅमसाठी

संगणकाचे साउंड कार्ड आणि एक सॉफ्टवेअर एवढ्यावर लघुलहरींतून मजकूर पाठवता येतो, हे कळल्यावर नवे हॅम (हौशी रेडिओचालक) प्रथम किती वॅटचा रेडिओ संच घ्यावा असे विचारतात. माझ्या अनुभवाने वॅटचा प्रश्न गौण आहे. आपला संकेत स्वच्छ आहे का, हा खरा प्रश्न आहे.

प्रेषणासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. त्याच्या परीक्षेची तयारी चालू असताना एखाद्या परवानाधारक हॅमच्या केंद्रावर बसून, वॉटरफॉलवर (सॉफ्टवेअरमधील संकेतांच्या सरकत्या चित्रावर) कोणता संकेत कसा दिसतो हे डोळ्यांना आणि कानांना ओळखीचे करून घ्यावे. मुंबईत एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्टची यंत्रणा यांचा गोंगाट मोठा असतो. म्हणून स्वतःचे केंद्र उभारल्यावर संच बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच क्षणभर बंद करावा, म्हणजे त्यातला घरचा गोंगाट किती आणि शेजारचा किती, हे लगेच उमगते. १४ मेगाहर्ट्झच्या डायपोलला (तारेच्या साध्या अँटेनाला) सुमारे १० मीटर तार पुरते. गच्चीसाठी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, आणि खाऱ्या हवेत तांबे लवकर खराब होते म्हणून प्रत्येक सांधा सोल्डर करून जलरोधक टेपने बंद करावा.

सुरुवात पीएसके३१ ने करावी, असे मी आग्रहाने सांगते. पीटर मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सेकंदाला ३१.२५ बिट जातात. शून्य पाठवताना लहरीची कला (फेज) १८० अंशांनी उलटते आणि त्या क्षणी लहरीचा आयाम (उंची) हळुवारपणे शून्यावर येऊन पुन्हा चढतो. या हळुवार चढउतारामुळेच संकेत इतका अरुंद राहतो की, एका आवाजी संभाषणाच्या जागेत अनेक जण एकाच वेळी बोलू शकतात. साउंड कार्डचा आवाज जास्त ठेवला की संचातील एएलसी (संकेताची पातळी आपोआप आवरणारी यंत्रणा) तो चढउतार चेपते, संकेत दोन्ही बाजूंना पसरतो आणि शेजारच्यांचे संभाषण बुडते. त्यासाठी एएलसीचा काटा हलेनासा होईपर्यंत आवाज कमी करावा, १०० वॅटच्या संचावर २५-३० वॅटच ठेवावेत, आणि समोरच्या हॅमला आपला संकेत पसरतो का, हे विचारावे. संगणकाच्या सूचनांचे आवाज बंद ठेवावेत, नाहीतर तेही हवेत जातात.

२०१७ मध्ये आलेले एफटी८ (अशीच दुसरी पद्धत) पीएसके३१ पेक्षा क्षीण संकेत वाचते, पण नेहमीच्या संपर्कात कॉल साइन (हॅमचे ओळखचिन्ह), ग्रिड (अक्षांश-रेखांशांवरून ठरणारा जागेचा संकेतांक) आणि संकेताचा अहवाल यांपलीकडे बोलणे होत नाही, म्हणून मी ते दुसऱ्या पायरीवर ठेवते. त्यात १५ सेकंदांचे ठोके पाळावे लागतात, तेव्हा संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्यावे. ग्रिडही तपासून भरावा, कारण १९ अंश अक्षांश या शहरातूनच जातो : गिरगावचा ग्रिड एमके६८, तर अंधेरीचा एमके६९.