पाटणचा दरबार चौक: सकाळी लवकर गाठा

काठमांडूला गेलात तर शेजारच्या ललितपूर शहरातल्या पाटण दरबार चौकासाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. राजवाडा पूर्वेला आणि मंदिरं त्याच्या समोर, त्यामुळे कोवळं ऊन थेट मंदिरांवर पडतं. गर्दीही तेव्हा नसते; पूजेचं ताट घेतलेली नेवार (इथल्या मूळ समाजाची) मंडळी तेवढी दिसतात.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कृष्णमंदिराला. राजा सिद्धिनरसिंह मल्ल यांनी ते 1637 मध्ये बांधलं. आजूबाजूची मंदिरं विटा-लाकडाची, उतरत्या छपरांची. हे मात्र दगडी, शिखराचं. खांबांवरच्या पट्टीत महाभारत आणि रामायणातले प्रसंग कोरलेत, बोटभर उंचीची माणसं, आणि खाली नेवारी अक्षरं. जमलं तर छोटी दुर्बीण न्याच, खालून बारकावे दिसत नाहीत. आत जायचं तर चामड्याचा पट्टा-पाकीट चालत नाही.

जवळच मंगा हिटी, म्हणजे जमिनीखालचा दगडी पाणवठा. पायऱ्या उतरून खाली गेलात की दगडी मकरमुखांतून पाण्याची धार पडताना दिसते. लोक आजही इथे पाणी भरतात, म्हणून वाट अडवून फोटो काढत बसू नका.

तिकीट घेताना भारतीय ओळखपत्र दाखवा. सार्क देशांतल्या नागरिकांना दर बराच कमी आहे. त्याच तिकिटात राजवाड्यातलं पाटण संग्रहालय येतं. ऊन चढलं की तिथे शिरा. बाहेर पडल्यावर चार नारायण मंदिराचे लाकडी खांब नीट पाहा. 2015 च्या भूकंपात ते पूर्ण कोसळलं होतं आणि इथल्या कारागिरांनी ते पुन्हा उभं केलं.