रेडिओ घ्यायच्या आधी रिसीव्हर बघा

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या विमानासाठी ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रेडिओ, घ्यायला निघालाय ना, मग आधी रेडिओची पानं बंद करा आणि रिसीव्हर शोधा. रेडिओ हातात धरायचा, दिसायला भारी, स्क्रीन बिक्रीन असते म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं, पण विमानात बसून त्याचे सिग्नल पकडतो तो रिसीव्हर, आणि पुढे दर नव्या विमानाला एक लागतो, म्हणजे रेडिओ एकदा घेणार आणि रिसीव्हर घेतच राहणार. मागच्या वेळी माझं घोडं इथेच पेंड खात बसलं, म्हणून हे पुन्हा पुन्हा येणारे, ऐकून घ्या.

सगळं २.४ गिगाहर्ट्झ आहे म्हणून सगळं एकमेकांशी बोलतं असं अजिबात नाही. प्रत्येकाची बोलायची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, वेगळी असते. फ्लायस्कायचं एएफएचडीएस २ए वेगळं, स्पेक्ट्रमचं डीएसएमएक्स वेगळं, एफआरस्कायचं डी१६ वेगळं, ईएलआरएस, म्हणजे एक्सप्रेसएलआरएस, वेगळंच. आणि खरी गंमत म्हणजे रेडिओमास्टर पॉकेटसारखा एकच रेडिओ, तोच डबा तीच बटणं, आत सीसी२५०० नावाची रेडिओ चिप असलेला आणि ईएलआरएसवाला अशा वेगवेगळ्या व्हेरियंटमध्ये मिळतो. सीसी२५०० वाल्यावर एफआरस्कायचे डी८, डी१६ वगैरे चालतील, फ्लायस्काय आणि स्पेक्ट्रम नाही, ईएलआरएस तर नाहीच. तेव्हा ऑर्डर करताना व्हेरियंट कुठला सिलेक्ट झालाय ते बघा, नंतर बघून काय उपयोग. घरात जुने वेगवेगळ्या कंपन्यांचे रिसीव्हर पडले असतील तर ४-इन-१ मॉड्यूलवाला, म्हणजे आत चार वेगवेगळ्या रेडिओ चिपा असलेला रेडिओ घ्या, तो बऱ्याच जणांशी जमवून घेतो, पण ईएलआरएस त्यातही नाही.

प्रोटोकॉल जुळला म्हणून लगेच पैसे भरू नका, अजून रिसीव्हरचं संपलं नाही. ईएलआरएसचे ते नखाएवढे स्वस्त रिसीव्हर दिसतात ना, ते ड्रोनवाल्यांसाठी असतात. त्यावर चार सोल्डर पॅड, ५ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स, आरएक्स, बास. ते जातात फ्लाइट कंट्रोलरला, म्हणजे ड्रोन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला. तुमच्या फोमच्या विमानात फ्लाइट कंट्रोलर नाही, दोनतीन ९ ग्रॅमचे सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरा) आणि ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डाचा) तीन वायरचा प्लग आहे, आणि ते खोचायला रिसीव्हरवर जागाच नाही. पीडब्ल्यूएम आउटपुटवाला, म्हणजे सर्व्हो थेट जोडता येतील असा घ्या, ईआर६, ईआर८ असल्या जातीचा, फोटोत पिनांच्या रांगा दिसल्या पाहिजेत. फोटो झूम करा. पिना मोजा. मग ऑर्डर.

ईएलआरएसमध्ये फर्मवेअरच्या, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरच्या, व्हर्जनचा पहिला आकडाही दोन्हीकडे सारखा लागतो, रेडिओवर ३ आणि रिसीव्हरवर २ असेल तर बाइंड होणार नाही, म्हणजे दोघांची जोडी जुळणार नाही. मग टेबलावर काय दिसतं, तर रिसीव्हरचा दिवा आधी सावकाश लुकलुकतो, मिनिटभराने एकदम भराभर, आणि फोनच्या वायफाय यादीत एक्सप्रेसएलआरएस नावाचं काहीतरी उगवतं. तो बिघडलेला नाही, ओळखीचा रेडिओ सापडला नाही म्हणून वायफायवर गेलाय, तिथूनच अपडेट होतो. दुकानदाराशी भांडायच्या आधी हे करून बघा.

मोड. ज्याच्याकडून शिकणार त्याचा जो मोड तोच घ्या. मोड २ म्हणजे थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, डावीकडच्या स्टिकवर, मोड १ म्हणजे उजवीकडे, आणि विमान पडायला लागल्यावर शिकवणाऱ्याच्या हातात उलटा रेडिओ दिलात तर तो तरी काय करणार.

चॅनेल, म्हणजे वेगवेगळ्या चालवता येणाऱ्या गोष्टी, सहा असले तरी पुष्कळ, चार तर एलेरॉन (पंखांवरच्या झडपा), एलेव्हेटर आणि रडर (शेपटीवरच्या झडपा) आणि थ्रॉटलमध्येच जातात, उरलेल्या दोनात फ्लॅप किंवा लँडिंग गिअर. फक्त ईएलआरएसच्या नेहमीच्या स्विच मोडमध्ये पाचवा चॅनेल चालू-बंद एवढाच असतो, तीन टप्प्यांचे फ्लॅप त्यावर लावू नका, अर्धे फ्लॅप कधीच येणार नाहीत. हॉल गिंबल, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या, आत न घासणाऱ्या स्टिक मिळत असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या, साध्या पोटेंशिओमीटरवाल्या स्टिक झिजून थरथरायला लागतात. रेडिओ यूएसबीने कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरला जोडता येतो का तेही बघा, फोम आणि फेव्हिक्विकचा खर्च वाचतो.

९१५ मेगाहर्ट्झचं लाँग रेंज कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. तो पट्टा आपल्याकडे खुला नाही, खुला आहे तो ८६५ ते ८६८, आणि नजरेच्या टप्प्यात उडवायला २.४ पुरून उरतं. बाहेरून मागवताय तर वायरलेस वस्तूला ईटीए, म्हणजे सरकारी मंजुरी लागते, पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की तुम्ही आणि तुमचं नशीब. इथल्याच स्टॉकमधलं घ्या, आणि हो, रेडिओ मिळतोय पण त्याचे रिसीव्हर वर्षभर आउट ऑफ स्टॉक असला सौदा नको. म्हटलं ना, रिसीव्हर आधी.

बॅटरी बहुतेक वेळा सोबत येत नाही. पॉकेटला दोन १८६५० म्हणजे गोल लिथियम सेल, फ्लायस्काय एफएस-आय६ ला चार डबल ए.

आल्यावर प्रोपेलर काढा, बाइंड करा, थ्रॉटल थोडा वर नेऊन रेडिओ बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर विमानाने काय करायचं ते, सेट करा आणि पुन्हा बंद करून बघा. मग रेंज चेक, म्हणजे लांब जाऊन सिग्नल टिकतो का ते बघा. दुसरा रिसीव्हर मागवताना पण पिना मोजा.