गारठ्यात दमणारी बॅटरी: माझा अनुभव

महाबळेश्वरजवळच्या आमच्या शेतघरात वीज नाही, सगळा भार सोलरवर. डिसेंबरात पहाटे गवतावर मीठ सांडल्यासारखं हिम दिसलं, की त्या दिवशी इन्व्हर्टर हमखास ओरडायचा. बॅटरी ट्यूब्युलर (लेड-ॲसिडचाच एक प्रकार), तीही थेट शहाबादी फरशीवर! ५-६ अंशांत लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता चांगलीच घटते, आणि गार बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेजही जास्त लागतं.

खाली लाकडी फळी घातली, चहूबाजूंनी थर्माकोल लावला. वरची बाजू मात्र मोकळी ठेवली. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो कोंडू देऊ नका.

खरी चूक वेगळीच निघाली. सोलरवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा तापमान सेन्सर उन्हाच्या भिंतीवर लोंबत होता; त्यामुळे बॅटरी गरम आहे असं समजून कंट्रोलर व्होल्टेज कमी देत होता. सेन्सर बॅटरीच्या कुशीला चिकटवला. आता आईचा पहाटेचा दिवा मंदावत नाही.