चाळिशीच्या आसपासच गुडघ्याची झीज निघाली तर काय काय करायचं

रिपोर्टवर ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, असं लिहून आलं आणि वय अडतीस-चाळीस असेल तर पहिला प्रश्न हाच पडतो की हे तर आजीचं दुखणं, मला कुठून आलं. पण येतं. कॉलेजात कबड्डी नाहीतर फुटबॉल खेळताना एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारं आतलं लिगामेंट, तुटलेलं असतं, गुडघ्यातली गादी म्हणजे मेनिस्कस फाटून काढून टाकलेली असते, पाय थोडे बाकदार असतात, वजन वाढलेलं असतं, आईला-मावशीला हेच असतं, यातलं काहीतरी सापडतंच. तेव्हाची एसीएलची दुखापत दहा ते वीस वर्षांनी झीज होऊन समोर येते, म्हणजे बरोबर तिशी-चाळिशीत.

आणि या वयात अडचण वेगळी असते. पासष्टीच्या माणसाला रिप्लेसमेंटचा रस्ता मोकळा असतो, आपल्याला अजून वीस-पंचवीस वर्षं नोकरी, पोरं, जिने, लोकल सगळं याच गुडघ्यावर काढायचंय. त्यामुळे मी गुडघेदुखीवाल्या प्रत्येक तरुण माणसाला एकच सांगते, गुडघ्याला जपायचं म्हणून त्याला बसवून ठेवू नका, त्याच्या भोवतीचे स्नायू मजबूत करा. बाकी सगळं त्यानंतर.

१. आधी निदान पक्कं करून घ्या

पंचेचाळीसच्या आत गुडघा दुखत असेल तर लगेच झीज म्हणून मोकळं होऊ नका. सकाळी उठल्यावर गुडघा आखडतो का आणि किती वेळ, हे नीट बघा. झिजेचं आखडणं साधारण अर्ध्या तासात सुटतं. तास-दोन तास आखडलेलाच राहत असेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, सोरायसिस असेल, तर तो वाताचा दुसरा प्रकार असू शकतो, त्याची औषधं पूर्ण वेगळी असतात आणि उशीर झाला तर सांध्याचं नुकसान होतं, म्हणून रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांधेवाताच्या डॉक्टरला, दाखवा. गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

एक्स-रे काढायचा तो उभं राहून. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे दोन हाडांमधली जागा आहे त्यापेक्षा चांगली दिसू शकते. फिल्म बघून कुणी म्हणेल झिजेची ग्रेड दोन (चार म्हणजे सगळ्यात जास्त झीज), कुणी म्हणेल तीन, कुणी म्हणेल वंगण संपलंय. घाबरू नका. एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ फारसा बसत नाही, ग्रेड तीनवाले आरामात चालतात आणि ग्रेड एकवाले रडकुंडीला येतात. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा जुनी दुखापत असेल तर डॉक्टर सांगतील.

२. मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू, रोजचं काम

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. दुखतं म्हणून आपण तो पाय कमी वापरतो, मग मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, मग गुडघ्यावर अजून भार येतो आणि अजून दुखतं. टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या तर फरक दिसतोसुद्धा.

सुरुवात गादीवर करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून फूटभर वर उचलायचा आणि हळू खाली आणायचा. मग दोन्ही पाय दुमडून कंबर वर उचलायची, म्हणजे ब्रिज. प्रत्येक दहा वेळा, जमेल तसे दोन-तीन सेट.

हे सोपं वाटायला लागलं की खुर्ची. माझ्या मते घरी करायचा सगळ्यात कामाचा व्यायाम हाच आहे. डायनिंगची घट्ट खुर्ची भिंतीला टेकवा, पुढच्या कडेला बसा, दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, हात छातीवर, आणि हात न टेकता उठा. गुडघे आत वळायला बघतात, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचे. बसताना धपकन बसायचं नाही, तीन मोजत खाली यायचं, कारण ताकद त्या उतरण्यातच तयार होते. खूप कळ येत असेल तर खुर्चीवर एक-दोन उशा टाका म्हणजे उंची वाढते, आणि जमायला लागलं की एकेक उशी काढा. त्यानंतर जिन्याच्या खालच्या पायरीवर चढउतार.

दुखलं तर थांबायचं का? फिजिओ लोक वापरतात तो नियम असा की शून्य ते दहात दुखणं पाचच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत होत असेल तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा दुखणं वाढलेलंच राहिलं तर बंद नाही करायचं, कमी करायचं. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि नेमके तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक सोडतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ग्लॅड नावाचा कार्यक्रम चालतो, त्यात आधी आजार समजावून सांगतात आणि मग आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे फिजिओसमोर व्यायाम करून घेतात. आपल्याकडे जवळच्या फिजिओला सांगून तसंच करता येतं, फक्त मशीनचा शेक घेऊन घरी यायचं नाही, व्यायाम शिकवा म्हणून मागे लागायचं.

३. वजन

जास्त असेल तरच. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, म्हणजे पाच किलोचे वीस. व्यायामाने वजन फार उतरत नाही, ते ताटातच कमी करावं लागतं, चहातली साखर, संध्याकाळचं फरसाण, रात्रीचा भात. पण उपाशी राहून स्नायू घालवू नका, डाळ, उसळ, दही, अंडी, मासे जे खात असाल ते वाढवा.

४. घरात, रस्त्यात, प्रवासात

उकिडवं बसणं आणि पूर्ण मांडी घालून बसणं यात गुडघा शेवटपर्यंत दुमडतो आणि वाटीमागे दाब वाढतो. दुखरे दिवस असतील तेव्हा कमोड वापरा, पूजेला चौरंग किंवा छोटं स्टूल घ्या, पंगतीत खुर्ची मागा, त्यात लाजायचं काय. नंतर जमत असेल तर थोडा वेळ मांडी घालायला हरकत नाही, गुडघा वाकणं पूर्ण बंद केलं तर तो तेवढाच आखडतो. वज्रासन दुखत असेल तर सोडून द्या, दुसरी आसनं आहेत.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठडा धरायचा. दादर-ठाण्याच्या पुलावर गर्दी मागून ढकलते तेव्हा मी कडेचा रेलिंग धरूनच उतरते, मागचे चिडले तरी. काठी घेतली तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात घ्यायची, बहुतेक जण नेमकी उलटी धरतात. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा दुखत असेल तर क्लच हे कारण असू शकतं, पुढची गाडी ऑटोमॅटिक बघा.

ट्रेक बंद करायची गरज नाही. सिंहगड चढताना त्रास कमी होतो, उतरताना जास्त, म्हणून दोन ट्रेकिंग पोल घ्या आणि छोटी पावलं टाका. हौशी पळण्यामुळे गुडघा झिजतो असंही नाही, पण आधीच सुजत असेल तर सध्या पोहणं किंवा सायकल बरी, सायकलचं सीट इतकं वर ठेवा की पेडल खाली गेल्यावर गुडघा जेमतेम वाकलेला राहील.

५. जेल, गोळ्या, इंजेक्शनं

ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची गाइडलाइन व्यायाम आणि वजन यांनाच पहिलं स्थान देते, औषधात आधी गुडघ्यावर लावायचं डायक्लोफेनॅकसारखं जेल. पॅरासिटामॉल नेहमी घेत राहू नका असं ती म्हणते आणि ग्लुकोसामाइन देऊच नका असं, जे आपल्याकडे महिन्याला हजार-हजार रुपयांना विकलं जातं. पेनकिलर मेडिकलमधून परस्पर घेऊन महिनोन्महिने खाऊ नका, पोट, बीपी आणि किडनी तिन्हीवर परिणाम होतो. लेबल नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा, दोन दिवसांत जादू झाली तर त्यात स्टेरॉइड असू शकतं. तेल चोळून बरं वाटत असेल तर जरूर चोळा, कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं झिजलेलं गुळगुळीत आवरण, त्याने परत येत नाही एवढंच.

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, लग्नकार्य किंवा खूप सूज असेल तर ठीक, पण २०१७ च्या एका अमेरिकन चाचणीत दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ते दिलं तर कुर्चा जास्त कमी झाली आणि दुखणं मात्र नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचलेल्यांइतकंच राहिलं. पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, महाग आहे आणि २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तेही साध्या सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. तेवढ्या पैशात फिजिओची कितीतरी सेशन्स होतात.

६. ऑपरेशनचं बोलणं निघालं तर

दुर्बिणीतून गुडघा साफ करू, असं फक्त झिजेसाठी कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या. २००२ मध्येच अमेरिकेत काही जणांना नुसते वरवर काप देऊन बघितलं होतं, त्यांना आणि खरं ऑपरेशन झालेल्यांना सारखाच आराम पडला. पाय बाकदार असेल आणि झीज आतल्याच बाजूला असेल तर नडगीचं हाड कापून भार दुसरीकडे वळवणारी एचटीओ शस्त्रक्रिया असते, ती तरुण माणसांसाठीच आहे आणि तिच्याबद्दल स्वतःहून विचारा.

पूर्ण रिप्लेसमेंट वाईट नाही, १०० पैकी साधारण ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. फक्त ब्रिटनमधल्या आकडेवारीनुसार सत्तरीनंतर केलं तर पुन्हा उघडायची वेळ शंभरात पाचेक जणांवर येते, पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांमध्ये हेच प्रमाण पस्तीसपर्यंत जातं. म्हणून लांबवता येईल तेवढं लांबवायचं, पण झोप उडाली, चालणं थांबलं तरी वयाकडे बघून सोसत बसायचं असा याचा अर्थ नाही. भारतात ऑगस्ट २०१७ पासून इम्प्लांटच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे, तेव्हा एस्टिमेट मागताना इम्प्लांट आणि हॉस्पिटलचा खर्च वेगवेगळा लिहून मागा.

७. गुडघा चिडला त्या आठवड्यात

असे आठवडे येतात, पावसाळ्यात एखादं घसरणं पुरतं किंवा घरच्या कार्यात दिवसभर उभं राहणं. दोन दिवस जिने आणि लांबचं चालणं कमी करा, सूज असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, नुसतं आखडलं असेल तर गरम शेक, जेल लावा, आणि गादीवरचे टॉवेलवाले व्यायाम चालूच ठेवा. सूज उतरली की खुर्ची परत सुरू करायची, पण आधीच्या आठवड्यापेक्षा एक उशी जास्त ठेवून. दोन आठवड्यांत सूज गेलीच नाही, गुडघा सरळच होईना किंवा चालताना लुळा पडायला लागला, तर अपॉइंटमेंट घ्या आणि जुनी फिल्म सोबत न्या.