पोटात पाणी, इको म्हणे चांगला: ईएमएफ ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

मामाचं पोट घागरीसारखं फुगलं तेव्हा चोपडा गावात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, लिव्हर गेलं, पीत असणार. मामा माळकरी, थेंब कधी घेतला नाही, तरी एका डॉक्टरांनी पण तेच विचारलं, किती वर्षं घेताय, मामी ते अजून विसरली नाही. दीड वर्ष लिव्हरच्या गोळ्यांत गेलं आणि आजार निघाला हृदयाचा, एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस, थोडक्यात ईएमएफ.

यात हृदयाच्या आतल्या अस्तरावर निबर वण धरतो, खालच्या कप्प्याचं टोक भरून येतं, कप्पा सैल होत नाही, मग रक्त आत मावेना की ते मागे तुंबतं, लिव्हरमध्ये, पोटात. आणि पंपिंग बऱ्याचदा ठीकच असतं! मामाच्या पहिल्या टूडी इकोत ईएफ 60 टक्के, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. ईएफ म्हणजे पंपिंगचा आकडा, तो सांगतो हृदय पिळतं किती, भरतं किती ते नाही.

शंका कधी घ्यायची तर पोट मोठं पण त्या मानाने पायाला सूज कमी, जिना चढताना दम, धडधड, आणि ताठ बसलेलं असताना सुद्धा मानेची शीर फुगलेली. ही शीर आम्ही रोज दाढी करताना बघत होतो, कळलं कोणाला नाही. इको करणाऱ्याला सरळ विचारा, कप्प्याचं टोक भरलंय का, वरचे कप्पे मोठे आहेत का, व्हॉल्व लीक आहे का, आत गुठळी दिसते का. सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बघा, वाढलेल्या असल्या तर जंताची वगैरे तपासणी लागते, अशा सुरुवातीच्या टप्प्यात कधी स्टेरॉइड देतात, पण वण जुना झाला की त्याचा उपयोग नाही. मग कॉन्ट्रास्ट टाकून हृदयाचा एमआरआय, त्यात वण उजळून दिसतो. हे सगळं अशासाठी की टीबीमुळे हृदयाचं बाहेरचं आवरण आवळलं तरी पेशंट हुबेहूब असाच दिसतो, आणि त्याचं ऑपरेशन वेगळं.

डॉक्टरांना पण फार नावं ठेवत नाही, हा आजार मुळात 1940 च्या दशकात युगांडात नोंदला गेला, आपल्या देशात जास्त केरळात, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेमध्ये डॉ. वलियाथन यांनी त्यावर बरंच काम केलं. खानदेशात कोणी कशाला पाहिलेला असेल.

आता घरचं. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन, त्याच काट्यावर, वहीत लिहून. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं की डॉक्टरांना फोन, पोट दिसायची वाट बघू नका. मिठाचं सगळ्यात अवघड, आपल्याकडे कळण्याच्या पिठातच मीठ, वर ठेचा, पापड, शेवभाजीची शेव पण खारी. मामी आता मामाची भाकरी अळणी थापते आणि भरितात लिंबू पिळते. दुकानातलं लो सोडियम मीठ मात्र मनाने आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर ते रक्तात आधीच वाढू शकतं. केळीचं पण तेच, घरचा बाग असून मामाला केळं डॉक्टरांना विचारून, पोटॅशियमचा रिपोर्ट बघून.

ठोके अनियमित किंवा गुठळी असेल तर रक्त पातळ करायची गोळी देतात, वॉरफेरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, बहुतेक 2 ते 3 मध्ये ठेवायला सांगतात, मग मेथी-पालक बंद नाही करायचं, दर आठवड्याला सारखंच खायचं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक कधीच नाही, पाणी पण धरतं आणि रक्तस्राव पण होऊ शकतो. मे महिन्यात पारा 45 ला गेला की लघवीच्या गोळीने उभं राहताना चक्कर येते, डोसचं एप्रिलमध्येच विचारून ठेवा, स्वतः कमी करू नका.

पोट फार फुगलं तर सुईने पाणी काढतात, आराम पडतो पण ते परत भरतं. ऑपरेशनमध्ये वणाचा थर सोलून काढतात, व्हॉल्व दुरुस्त करतात नाहीतर बदलतात, धोका मोठा आहे, हे ज्यांनी केलेलं आहे अशा मोठ्या सेंटरलाच विचारा, आणि महात्मा फुले योजनेचं आरोग्यमित्राकडे आधीच बोलून घ्या, रेशनकार्ड-आधार सोबत ठेवून. मामाचं अजून ठरत नाहीये. आज सकाळी वजन 58.4, कालच्यापेक्षा 200 ग्रॅम कमी, मामीने वहीत लाल पेनाने गोल केलाय.