स्केटिंग येत नाही, तरी वर्ल्ड ज्युनियर्सला काम केलं: नवीन जाणाऱ्या पोरांसाठी

सध्या दोन महिने गावी आहे. दारव्हा तालुक्यातलं आमचं खेडं, ऊन असं की दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही, आणि संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसलो की कोणतं ना कोणतं पोरगं येतंच. प्रश्न एकच. "भाऊ, तू खरंच बर्फावरच्या हॉकीच्या वर्ल्ड कपात होता का?" होतो बाप्पा. पण खेळायला नाही, दरवाज्यावर. मला आजही स्केट घालून दोन पावलं टाकता येत नाहीत, भिंत धरूनच चालतो. रोज तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतो, ज्याला कॅनडात शिकायला जायचंय त्याच्या कामी येईल.

आधी स्पर्धा काय ते. वर्ल्ड ज्युनियर्स म्हणजे २० वर्षांखालच्या पोरांची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा, १९७७ पासून अधिकृत. दरवर्षी ख्रिसमस झाला की लगेच सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. वरच्या गटात १० देश, त्यांचे पाच-पाचाचे दोन ग्रुप, आणि जो सगळ्यात खाली राहील तो पुढच्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये जातो. कॅनडात या दहा दिवसांत म्हातारी माणसंही सोफ्यावरून उठत नाहीत. आपल्याकडे भारत-पाकिस्तान मॅचला पानटपरीवर जी गर्दी असते ना, ती तिथं घरोघरी.

२०२३ ची स्पर्धा खरं तर रशियात होती, नोवोसिबिर्स्क आणि ओम्स्कला. युक्रेनवर हल्ला झाला आणि रशियाचं यजमानपद गेलं, मे २०२२ मध्ये ते हॅलिफॅक्स आणि मॉन्क्टन या कॅनडाच्या पूर्वेकडच्या दोन शहरांना मिळालं. मी जानेवारी २०२२ पासून मॉन्क्टनमध्ये इव्हेंट मॅनेजमेंटचा डिप्लोमा करत होतो. एवढी मोठी स्पर्धा, तयारीला जेमतेम सात-आठ महिने, म्हणून त्यांना माणसं पाहिजे होती, आणि म्हणून माझ्यासारख्याचा नंबर लागला. एरवी अशा स्पर्धेत पंचवीस-पंचवीस वर्षं राबलेले तिथले काका-काकू रांगेत असतात, ते फॉर्म उघडायचीच वाट बघत बसलेले असतात.

फॉर्म ऑनलाइन. त्यात विचारतात की फ्रेंच येतं का, गाडी चालवता का, कोणत्या वेळा मोकळ्या आहेत. मॉन्क्टन ज्या प्रांतात आहे तो न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव प्रांत जिथं इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही अधिकृत भाषा आहेत, त्यामुळे फ्रेंच येणाऱ्याला चांगलं काम आधी मिळतं. मला यायचं ते "बोंझूर" आणि "मेर्सी". मग पोलीस व्हेरिफिकेशन, कारण खेळाडूंमध्ये १८ च्या आतलीही पोरं असतात. हे लांबणीवर टाकू नका, कागद यायला वेळ लागतो आणि त्याच्याशिवाय गळ्यात कार्ड पडत नाही. त्या वर्षी ते जास्तच कडक होते असं मला वाटलं, कारण जुन्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांच्या हाताळणीवरून हॉकी कॅनडा या तिथल्या हॉकी संघटनेच्या सीईओला आणि अख्ख्या बोर्डाला ऑक्टोबर २०२२ मध्येच पायउतार व्हावं लागलं होतं. ट्रेनिंगमध्ये खेळाडूंशी कसं वागायचं, एकट्यात कुठं थांबायचं नाही, काय दिसलं तर कोणाला सांगायचं यावरच अर्धा वेळ गेला.

इंटरव्ह्यू फोनवर दहा मिनिटांचा. बाईनं विचारलं, गर्दी हाताळलीये का कधी? आता माझ्या रिझ्युमेत तसं काही नव्हतं. पण बी.ए.च्या वेळी दोन सीझन मी जिनिंगवर कापसाच्या गाड्यांचे टोकन लिहायचो, तेच सांगितलं. गेटवर ट्रॅक्टरची मैलभर रांग, नंबर लागेपर्यंत गाडीखालीच झोपणारे लोक, मधूनच कोणी ओळखीचा घुसला की पराण्या उगारल्या जायच्या, आणि तिथं रजिस्टर घेऊन एकोणीस वर्षांचा मी. बाई एवढी हसली अन् म्हणाली तुला ॲक्सेस कंट्रोलला टाकते. तर पोरांनो, गावातलं काम लपवू नका. मी कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टबद्दल बोललो असतो तर तिला झोप आली असती.

ॲक्सेस कंट्रोल म्हणजे दरवाज्यावर उभं राहून गळ्यातलं कार्ड बघायचं. कार्डावर आकडे असतात, प्रत्येक आकडा म्हणजे एक एरिया, कोणाला ड्रेसिंग रूमपर्यंत जाता येतं, कोणाला फक्त पत्रकारांच्या खोलीत, कोणाला फक्त वर प्रेक्षकांत. माझा दरवाजा बर्फाच्या लेव्हलला, मागच्या कॉरिडॉरमध्ये. सोपं वाटतं ना? दुसऱ्याच दिवशी माती खाल्ली. एक उंचापुरा माणूस टीमचं जॅकेट घालून, हातात कॉफी, असा काही झपझप आला की जसं घर त्याचंच. मी बाजूला झालो. दहा मिनिटांनी सुपरवायझर आली, तो माणूस साधा प्रेक्षक होता, जॅकेट दुकानातून घेतलेलं, आणि तो पार ड्रेसिंग रूमच्या तोंडाशी जाऊन पोचला होता. मला बोलणी बसली, आणि उरलेला दिवस कचऱ्याच्या गाड्या येतात त्या गेटवर. माझ्या अंगातली सवय नडली. आपल्याकडे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून कोणी आलं की तहसीलमध्येही त्याला अडवत नाहीत, खुर्ची देतात. तिथं कपडे बघायचे नाहीत, चेहरा बघायचा नाही, कार्ड बघायचं. नंतर मी एका देशाच्या संघटनेच्या मोठ्या साहेबाला परत पाठवलं, कार्ड हॉटेलात विसरून आला होता, तो चिडला नाही, मुकाट गेला आणि घेऊन आला.

कपड्यांचं एक सांगतो. बाहेरच्या थंडीची तयारी सगळे करतात, आतल्या थंडीची कोणी करत नाही. वर प्रेक्षकांत बरं असतं, पण खाली बर्फाजवळ सहा तास एका जागी उभं राहिलं की थंडी तळपायातून चढते. लोकरीचे मोजे दोन जोड्या आणि जाड सोलचे बूट, बस, महागडं जॅकेट लागत नाही, वरचं जॅकेट तर तेच देतात. सकाळची शिफ्ट मी मागून घ्यायचो कारण ती कोणाला नको असायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं, इकडं थ्री फेजची लाइन रात्री बारा-एकला यायची तेव्हा जानेवारीत हरभऱ्याचं ओलित करायला मी आणि बाबा वावरात जायचोच, चिखलात अनवाणी. सकाळच्या शिफ्टचा फायदा असा की तेव्हा बिल्डिंग रिकामी असते आणि काम शिकवायला माणसांकडे वेळ असतो. त्याचं पुढं सांगतो.

मॅच बघायला मिळेल या आशेनं जाऊ नका. मॉन्क्टनला ग्रुपच्या १० मॅच झाल्या, अमेरिका, फिनलंड, स्वित्झर्लंड, स्लोव्हाकिया, लाटव्हिया. कॅनडाचा ग्रुप हॅलिफॅक्सला, त्यामुळे तो १७ वर्षांचा कॉनर बेडार्ड, ज्यानं ७ मॅचमध्ये २३ पॉइंट केले (स्वतः मारलेला किंवा साथीदाराला पास देऊन झालेला गोल म्हणजे एक पॉइंट), तो मी टीव्हीवरच पाहिला. पहिल्याच दिवशी स्वित्झर्लंडनं फिनलंडला ओव्हरटाइममध्ये ३-२ नं हरवलं आणि मी त्या वेळी पिवळ्या भिंतीकडे तोंड करून उभा. वरून असा आवाज आला की शंकरपटात जोडी सुटल्यावर येतो तसा, आणि मी अंदाज करतोय की कोणी मारला असेल.

तरी खेळ थोडा समजून जा, नाहीतर बाकीचे स्वयंसेवक काय बोलतात तेच कळत नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, बर्फावर एका वेळी प्रत्येक टीमचे सहा जण, त्यात एक गोली, म्हणजे गोलकीपर. चेंडू नाही, पक असतो, कडक रबराची चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड, आणि मॅचआधी ती फ्रीजरमध्ये गोठवतात म्हणजे उसळत नाही. चूक केली की दोन मिनिटं पेटीत जाऊन बसायचं, तेवढा वेळ समोरच्याकडे एक माणूस जास्त, त्याला पॉवर प्ले म्हणतात. खेळाडू ४०-५० सेकंदांत बदलतात कारण तेवढ्यातच दम निघतो. ऑफसाइड आणि आइसिंग हे दोन नियम मला तिसऱ्या दिवशी कळले, एका रिटायर्ड बस ड्रायव्हर काकांनी मीठ-मिरीच्या पुड्या टेबलावर मांडून समजावलं.

खेळापेक्षा कॉरिडॉर जास्त लक्षात राहिला. २८ डिसेंबरला स्लोव्हाकियानं अमेरिकेला ६-३ नं हरवलं. ज्यांना लोक आताच पुढचे स्टार म्हणतात ती पोरं माझ्या समोरून गेली, कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त रबरी मॅटवर स्केटचा कचकच आवाज, एकाचे डोळे लाल. १८-१९ वर्षांची पोरं हो, आपल्या बारावीच्या निकालाच्या दिवशी असतात तशीच. अशा वेळी बघायचंसुद्धा नाही असा नियम आहे, लेखी नाही पण आहे. आमच्यातल्या एकानं खेळाडूला थांबवून सेल्फी घेतला, त्याच संध्याकाळी त्याचं कार्ड काढून घेतलं.

आता कामाची गोष्ट. सकाळच्या शिफ्टला मी बर्फ करणाऱ्या क्रूच्या मागे मागे फिरायचो. एकदा बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मोठी गाडी फिरते, वरचा खरवडलेला थर काढते आणि मागून पाणी सोडत जाते. बाबा म्हणाले, "थंडं पानी टाकते का?" म्हटलं नाही, गरम. "बर्फावर गरम पानी? येडे झाले का थे?" आजी मागून बघत होती, तिला बरोबर कळलं. म्हणाली, "अरे, सारवनावानी आहे थे. खालचा थर ओला झाल्याबिगर वरचा धरन का?" अगदी हेच. गरम पाण्यानं वरचा थर जरासा वितळतो आणि नवीन त्याला घट्ट धरतो, शिवाय गरम पाण्यात हवा कमी म्हणून बर्फ टणक होतो. आणि अख्खं मैदानही असंच होतं, खाली काँक्रीटमध्ये पाइप, त्यातून गार केलेलं मिठाचं पाणी फिरतं, वरून पाण्याचे पातळ पातळ थर मारत जायचं, मध्येच पांढरा रंग, मग रेघा, मग पुन्हा थर. सगळं मिळून जाडी दीड इंचाच्या आत. आजीला कॅनडात नोकरी लागली असती.

त्या क्रूच्या मुख्य माणसानं माझं नाव लक्षात ठेवलं, आणि फेब्रुवारीत मला तिथंच पार्ट टाइम काम मिळालं. हॉकी झाली की रातोरात बर्फावर पाट्या टाकून कॉन्सर्टची तयारी करायची, ते काम. आज मी एका लहान गावातल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, ऑपरेशन्सला आहे. डिप्लोम्यानं दार उघडलं नाही असं नाही, पण आत बोलावलं ते त्या माणसाच्या एका फोननं.

पैशाचं नीट ऐका. स्वयंसेवक म्हणजे पगार शून्य, जेवण आणि जॅकेट. विद्यार्थी परमिटवर असाल तर कॉलेजबाहेरच्या कामाला सेमिस्टर चालू असताना आठवड्याला तासांची मर्यादा आहे, माझ्या वेळी ती काही काळ उठवली होती, आता २४ तास. बिनपैशाचं खरं स्वयंसेवी काम त्यात मोजत नाहीत, पण जे काम एरवी पगारी असतं ते कोणी "व्हॉलंटियर" म्हणून करून घेत असेल, किंवा हातात नोटा ठेवत असेल, तर थांबा आणि कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. मी गेलो तेव्हा खात्यात १०,००० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागायचे, जानेवारी २०२४ पासून ते २०,६३५ झाले आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५, फी वेगळी. दोन एकर वावर गहाण ठेवून मी गेलो होतो, आजच्या आकड्यात गेलो असतो का सांगता येत नाही. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून परमिटला अर्ज करणाऱ्यांचा कोर्स डिग्रीचा नसून कॉलेजचा डिप्लोमा असेल तर नंतरच्या वर्क परमिटसाठी तो सरकारच्या यादीतल्या विषयात बसावा लागतो. एजंट हे सांगत नाही. मला एका एजंटानं "क्रीडा क्षेत्रात लय नोकऱ्या" एवढंच सांगितलं होतं, कोणत्या ते त्यालाही माहीत नव्हतं. यादी सरकारी साइटवर स्वतः बघा, ती बदलतही राहते.

ज्याला खेळायचंच आहे त्यानं कॅनडाकडे नाही, लडाखकडे बघावं. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी संघटनेचा सदस्य आहे, लेहला हिवाळ्यात खेलो इंडियाच्या मॅच होतात आणि आपल्या पोरींनी २०२५ मध्ये आशिया कपात ब्राँझ आणलं. पण त्या पोरी गोठलेल्या तळ्यांवर वाढलेल्या आहेत. आपण पऱ्हाटीत वाढलो, आपल्याला वीस वर्षांचे झाल्यावर ते जमेल असं मला वाटत नाही, कोणी जमवलं तर आनंदच.

काल शेजारच्या काकाजींचा पोरगा आला होता, यवतमाळला आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या ट्रेडला आहे. त्याला बेडार्ड-बिडार्डमध्ये काही रस नव्हता. तो विचारत होता कॉम्प्रेसर केवढा, गॅस कोणता. म्हटलं पुष्कळ रिंकवर अमोनिया असतो, स्वस्त आणि जोरदार, पण जीवघेणा, ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या फर्नी गावच्या रिंकवर गळती होऊन तीन माणसं गेली, तेव्हापासून अमोनियाच्या मशीनच्या खोलीत शिरायचे नियम लय कडक आणि लायसन्सवाल्या माणसाला मागणी. तो थोडा वेळ कुलरच्या पंपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "भाऊ, अमोनिया म्हनजे आपल्या युरियाले वास येते तोच का?"

म्हटलं हाव, त्याच्यापासूनच तर युरिया बनवतात.

"मंग त्याची तं सवय आहे न आपल्याले," म्हणाला, आणि वही आणायला घरी गेला.